क्लबहाऊसच्या बाहेर : पपवा सेवगोलमची कारकीर्द

गोल्फ या खेळाशी आमचा दोघांचा संबंध यावा असे काही कारण नव्हते. मराठीच्या अध्यापकाचे वेतन, आमची गावे, आमचे वाचन, यांपैकी कशातच तो बसत नाही. आम्ही या विषयाकडे आलो ते आडवाटेने. पदव्युत्तर वर्गाला आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना विठ्ठल पाळवणकरच्या 'माझे क्रीडा-जीवन' या पुस्तकाविषयी बोलणे निघाले. ज्यांना स्पर्श चालत नाही, त्यांच्याच मैदानावर खेळणाऱ्या माणसाची गोष्ट जगात आणखी कुठे कुठे घडली असेल, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. आम्ही तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे नाव घेऊन वेळ मारून नेली. पुढे त्या उत्तराची लाज वाटून वाचायला लागलो आणि दरबानच्या एका गोल्फ खेळाडूपाशी येऊन थांबलो. तो आजतागायत डोक्यातून जात नाही.

त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम. सगळे जग त्याला 'पपवा' म्हणे. ही नावे पाहताच भाषेच्या विद्यार्थ्याने क्षणभर अडखळावे. इंग्रज कारकुनांनी गिरमिटियांची नावे कानाला वाटली तशी टिपली आणि ती तशीच पुढच्या पिढ्यांच्या कागदपत्रांत गोठून राहिली. सेवसंकर म्हणजे उघडच शिवशंकर. सेवगोलम म्हणजे, आम्ही लावतो त्याप्रमाणे, शिवगुलाम. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे नाव रोमन लिपीत कसे लिहितात ते पाहिले, की ही किमया ध्यानात येते. 'पपवा'मधला 'वा' हा भोजपुरीतला लाडाचा प्रत्यय असावा, असा आमचा तर्क आहे. शिवाचा सेवक असे ते नाव. कागदावर मात्र त्यातला शिव पार विरून गेला.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रूरो' नावाचे जहाज मद्रासहून निघालेले गिरमिटिये घेऊन नातालच्या किनाऱ्याला लागले. कलकत्त्याहून निघालेले 'बेल्व्हेडेर' त्याच महिन्यात पोहोचले. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आणलेल्या या लोकांपैकी बरेचसे करार संपल्यावर तिथेच राहिले. १८९३ साली गांधी दरबानला उतरले तेव्हा ही वस्ती चांगली रुजलेली होती. अशाच एका गरीब घरात १९३० च्या आगेमागे पपवा जन्मला. तो शाळेत गेला नाही. लिहायला-वाचायला शिकला नाही. गोऱ्यांच्या गोल्फ क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहणारी पोरे लागत. ती कॅडीची कामे काळी आणि भारतीय पोरे करत. पपवा त्यातलाच एक. झाडाची फांदी तासून तिचा दांडू करायचा आणि चेंडू टोलवत राहायचे, हे त्याचे शिक्षण.

या शिक्षणाचे फळ विलक्षण होते. उजव्या हाताने गोल्फ खेळणारा माणूस दांड्यावर डावा हात वर आणि उजवा खाली धरतो. पपवा नेमके उलटे धरी : उजवा वर, डावा खाली. मराठी वाचकाला क्रिकेटच्या भाषेत सांगायचे, तर उभे राहायचे उजव्या फलंदाजासारखे आणि बॅट धरायची डावखुऱ्यासारखी. करून पाहावे, मनगटे एकमेकांत अडकल्यासारखी होतात. आमच्यापैकी एकाने छत्री हातात घेऊन हा प्रयोग स्टाफरूममध्ये केला आणि सहकाऱ्यांची चांगली करमणूक झाली. गोल्फचे कोणतेही पाठ्यपुस्तक पकडीपासून सुरू होते. बेन होगन या थोर अमेरिकन खेळाडूच्या १९५७ च्या प्रसिद्ध पुस्तकातला पहिला धडा पकडीचाच आहे. पपवाला तो धडा वाचता येत नव्हता, आणि लहानपणी त्याची पकड दुरुस्त करावी इतके त्याच्याकडे लक्ष देणारा कोणी प्रशिक्षकही नव्हता. अशा खेळाडूंना 'निसर्गदत्त' म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आम्हाला ती मान्य नाही. कुणी शिकवले नाही याचा अर्थ तो शिकला नाही असा होत नाही. हजारो वेळा चेंडू मारून त्याने आपल्या चुकीच्या पकडीचे स्वतःचे एक व्याकरण सिद्ध केले होते.

गोऱ्यांखेरीजच्या लोकांसाठी वेगळ्या स्पर्धा होत. त्या त्याने पुनःपुन्हा जिंकल्या. पण तिथे बक्षिसाची रक्कम जेमतेम, मैदाने सुमार आणि पाहणारे थोडे. या चौकटीबाहेर त्याला काढले ते ग्रॅहॅम वुल्फ या गोऱ्या रसायनतज्ज्ञाने. दरबानमध्येच १९५२ च्या सुमारास स्त्रियांच्या चेहऱ्याला लावायचे एक गुलाबी द्रव्य याने तयार केले. तेच पुढे जगभर 'ऑइल ऑफ ओले' म्हणून खपले आणि आपल्याकडच्या दुकानांत 'ओले' या नावाने दिसते. (पावसात भिजलेल्या माणसाच्या गोष्टीत हे नाव यावे, हा मराठीचा खट्याळपणा समजावा.) पपवा वुल्फची गोल्फची पिशवी वाही आणि त्याच्या कारखान्यात कामही करी.

इथे एक कबुली देणे भाग आहे. या लेखाच्या पहिल्या मसुद्यात आम्ही पपवाला 'तो' आणि वुल्फला 'ते' लिहिले होते. दोघांच्याही नजरेतून ते सुटले. तिसऱ्या वाचनात दिसले. मालकाला आदरार्थी बहुवचन आणि कॅडीला एकवचन, हे आमच्या बोटांना कुणी न सांगता ठाऊक होते. खेळाडूला मराठीत 'तो' म्हणण्यात जवळीक असते, म्हणून पपवाला 'तो'च ठेवले आहे. पण मग वुल्फही 'तो', आणि पुढे येणारे सगळे खेळाडूही.

१९५९ साली वुल्फ पपवाला स्वतःच्या विमानातून युरोपात घेऊन गेला. त्या वर्षी ब्रिटिश ओपन म्युअरफिल्डला झाली आणि ती दक्षिण आफ्रिकेच्याच गॅरी प्लेअर या तेवीस वर्षांच्या गोऱ्या तरुणाने जिंकली. पपवाच्या हाती तिथे काही लागले नाही. पण त्याच दौऱ्यात तो हॉलंडला गेला आणि डच ओपन जिंकून आला. १९६० साली ती पुन्हा जिंकली. १९६४ साली तिसऱ्यांदा. हॉलंड हा देश या गोष्टीत निव्वळ योगायोगाने येतो, तरी त्यातला विरोधाभास नजरेआड करवत नाही. 'अपार्टहाइड' हा शब्द ज्या आफ्रिकान्स भाषेतला, ती डच भाषेचीच लेक. त्या धोरणाचा शिल्पकार पंतप्रधान हेन्ड्रिक फेरवूर्ट हा जन्माने आम्स्टरडॅमचा. आणि पपवाला राष्ट्रीय विजेता म्हणून तीनदा गौरवले ते याच देशाने.

१९६३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये पपवा संयुक्त तेरावा आला. ती स्पर्धा जिंकणारा न्यूझीलंडचा बॉब चार्ल्स हा गोल्फच्या मोठ्या स्पर्धांतला पहिला डावखुरा विजेता. हात उलटे असणे हे त्या वर्षी अगदीच अशुभ नव्हते म्हणायचे.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९५० साली ग्रुप एरियाज कायदा झाला आणि कुठल्या वंशाने कुठे राहायचे, कुठे व्यवसाय करायचा, हे सरकार ठरवू लागले. केटो मॅनोरसारख्या दरबानच्या भारतीय वस्त्या या कायद्याने पुढे उठवल्या. खेळाबाबतचे धोरण १९५६ साली अंतर्गत व्यवहार मंत्री डॉन्जेस याने जाहीर केले : गोऱ्यांनी आणि इतरांनी आपापले खेळ वेगवेगळे चालवावेत. त्यामुळे गोऱ्यांच्या हद्दीतल्या मैदानावर पपवाला खेळायचे, तर परवाना लागे. परवाना ही चीज समजून घेण्यासारखी आहे. बंदी घातली की जगाला दिसते. परवाना दिला की उदारपणा दिसतो, आणि तो कधी नाकारायचा हे मात्र आपल्याच हातात राहते.

जानेवारी १९६३ मध्ये अशा परवान्यावर पपवा नाताल ओपन खेळला. स्थळ : दरबान कंट्री क्लब, हिंदी महासागरालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर वसवलेले, १९२२ साली स्थापन झालेले नामांकित मैदान. त्याला मैदानावर जाता येत होते, क्लबहाऊसमध्ये नाही. कपडे बदलणे, जेवणे, विश्रांती, सगळे बाहेर. त्याने ती स्पर्धा जिंकली. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रांतिक खुल्या स्पर्धेत गोरा नसलेला पहिला विजेता. जानेवारी हा दरबानला पावसाचा महिना. बक्षीस-समारंभाच्या वेळी पाऊस आला. बाकीचे निवाऱ्याला, आणि विजेता बाहेर पावसात उभा राहून करंडक घेतो आहे, असे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले.

या प्रसंगाची आज अनेक कथने सापडतात. एका कथनात करंडक खिडकीतून दिला जातो. दुसऱ्यात तो एका भारतीय नोकराच्या हातून बाहेर पाठवला जातो. तिसऱ्यात समारंभच मुळात बाहेर ठेवलेला असतो आणि पाऊस अवचित येतो. क्लबची बाजू मांडणारे तिसऱ्या कथनाचा आधार घेतात. आख्यायिका कशा तयार होतात हे शिकवण्यात आमची वर्षे गेली आहेत, त्यामुळे या पाठभेदांचे आम्हाला नवल वाटत नाही. पण पाठभेदांच्या गर्दीत एक गोष्ट कोणत्याही पाठात बदलत नाही : तो आत जाऊ शकत नव्हता. समारंभ समजा बाहेरच ठेवलेला होता. तर तो बाहेर का ठेवावा लागला? पाऊस अपघाताने आला. दार अपघाताने बंद नव्हते.

आणि दार सगळ्या भारतीयांना बंद होते असेही नाही. दरबानच्या क्लबांत वाढपी म्हणून भारतीय माणसे सर्रास असत. पपवा पेल्यांचा ट्रे घेऊन आला असता, तर त्याच दारातून आत गेला असता. विजेता म्हणून मात्र त्याला ते ओलांडता येत नव्हते.

हे वाचताना आम्हाला पुण्याची आठवण होणे अपरिहार्य होते. विठ्ठलचा थोरला भाऊ बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या पूना क्लबात मैदानाची देखभाल करी, महिना चार रुपयांवर. कॅप्टन ग्रेगला नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करून तो घडला. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले, कारण त्याच्यावाचून युरोपियनांना हरवता येत नव्हते. मैदानात चेंडू त्याच्या हातचा चाले. चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवण वेगळ्या पानावर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेला हा गोलंदाज हिंदूंच्या संघाचा कर्णधार कधीच झाला नाही. तो मान १९२३ साली विठ्ठलला मिळाला.

दोन्ही प्रसंग सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. पपवासमोर कायदा होता; बाळूसमोर रूढी. कायदा रद्द करता येतो, त्याची तारीख सांगता येते. पुण्यातली ती मातीची भांडी कोणत्या तारखेला बंद झाली, हे कोणाला सांगता येईल? 'भारतीय वंशाचा खेळाडू' म्हणून पपवाचा अभिमान मिरवणारे लेख वाचले की आम्ही म्हणूनच थोडे अस्वस्थ होतो. नातालमधले भारतीय हे एकसंध, निष्पाप, केवळ सोसणारे असे नव्हते. जानेवारी १९४९ मध्ये दरबानमध्ये झुलू आणि भारतीय यांच्यात दंगल उसळली आणि १४२ माणसे मेली. ज्या शहरात पपवा वाढला, तिथे प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेले होते.

क्लबहाऊसच्या दाराचा इतिहास वंशभेदापाशीच सुरू होतो असेही नाही. गोल्फमध्ये 'व्यावसायिक' हा शब्द मुळात कमीपणाचा. पैशासाठी खेळणारा तो कारागीर, हौसेसाठी खेळणारा तो सद्गृहस्थ. कारागिराने मागच्या बाजूने यावे. १९२० साली इंग्लंडमध्ये डील इथे ब्रिटिश ओपन झाली, तेव्हा वॉल्टर हेगन या अमेरिकन व्यावसायिकालाही क्लबहाऊसमध्ये प्रवेश नव्हता. त्याने आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. हेगन गोरा होता, श्रीमंत होत चालला होता, आणि त्याच्या या मिजाशीची गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत इन्व्हरनेस क्लबाने व्यावसायिकांना दार उघडले आणि त्यांनी कृतज्ञतेने क्लबाला एक मोठे घड्याळ भेट दिले. त्रेचाळीस वर्षांनी पपवा दाराबाहेर उभा होता तेव्हा समोर मोटार उभी करून जगाला हसवण्याची मुभा त्याला नव्हती. प्रतिकाराचीही एक ऐपत लागते.

१९६५ साली पपवाने नाताल ओपन पुन्हा जिंकली, आणि या वेळी त्याने हरवलेल्यांत साक्षात गॅरी प्लेअर होता. हे वर्ष लक्षात घ्यावे. याच वर्षी प्लेअरने अमेरिकन ओपन जिंकून चारही मोठ्या स्पर्धांची मालिका पुरी केली. म्हणजे तो तेव्हा जगातल्या दोन-तीन सर्वोत्तम खेळाडूंपैकी होता. उलट्या हातांचा, निरक्षर, परवान्यावर खेळणारा कॅडी त्याला घरच्या मैदानात हरवतो, ही गोष्ट सरकारला झेपणारी नव्हती. १९६३ चा विजय अपवाद म्हणून खपवता आला असता. दुसऱ्या विजयाने अपवादाची सोय संपवली. त्याच सुमारास ग्रुप एरियाज कायद्याखालचे नियम अधिक आवळले गेले. देशातल्या खुल्या स्पर्धांचे परवाने त्याला नाकारले जाऊ लागले, आणि पुढे पासपोर्टही काढून घेतला गेला. खेळाडूचे हात बांधण्याची गरज नसते. त्याला मैदान आणि जहाज नाकारले की पुरते. पपवा तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. गोल्फमध्ये हे वय उतरणीचे नव्हे.

प्लेअरविषयी दोन शब्द. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने फेरवूर्टच्या देशाची आणि धोरणाची उघड पाठराखण केली. पुढे त्याने ती भूमिका सोडली. १९७१ साली ली एल्डर या कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूला दक्षिण आफ्रिकेत खेळायला आणण्यात त्याचा पुढाकार होता. माणसे बदलतात आणि बदलू द्यावीत. फक्त बदलायला वेळ मिळणे हेसुद्धा सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. प्लेअरला तो मिळाला.

पपवाच्या छायाचित्राचा पाठपुरावा करणाऱ्यांत एक कवी होता, हे आम्हाला विशेष वाटते. डेनिस ब्रूटस हा पोर्ट एलिझाबेथचा शाळामास्तर. भाषा शिकवणारा, म्हणजे आमच्याच धंद्यातला. खेळातल्या वंशभेदाविरुद्धची चळवळ त्याने संघटित केली. १९६३ साली त्याचा पहिला काव्यसंग्रह नायजेरियात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याला अटक झाली. निसटण्याच्या प्रयत्नात जोहान्सबर्गच्या रस्त्यावर पाठीत गोळी लागली. पुढे रॉबेन बेटावर दगड फोडायला धाडण्यात आले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधून दक्षिण आफ्रिका वगळली गेली, १९७० साली ऑलिम्पिक चळवळीतून तिची हकालपट्टी झाली. १९७४ साली भारताने डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार देऊन तो चषक सोडून दिला, ती याच साखळीतली पुढची कडी. पावसातल्या त्या छायाचित्राने या लढ्याला चेहरा दिला. पण पपवा स्वतः चळवळीतला नव्हता; त्याला गोल्फ खेळायचे होते. बहिष्काराचे शस्त्र न्याय्य होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरीही ज्याचे चित्र घेऊन बहिष्कार लढला गेला, त्या माणसाला त्या काळात खेळायला मैदान नव्हते, हे वाक्य लिहिताना लेखणी अडते.

त्याची शेवटची वर्षे गरिबीत गेली. जुलै १९७८ मध्ये हृदयविकाराने तो वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याआधी दोनच वर्षे, १९७६ साली, व्हिन्सेंट त्शाबालाला या कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी खेळाडूने फ्रेंच ओपन जिंकली होती. सत्तांतरानंतरच्या दक्षिण आफ्रिकेने पपवाला 'ऑर्डर ऑफ इखामांगा' हा सन्मान मरणोत्तर दिला. दरबानमधल्या एका महापालिका गोल्फ मैदानाला त्याचे नाव आहे.

आम्ही सुरुवात आत्मचरित्रापासून केली होती. विठ्ठल पाळवणकरने आपले पुस्तक स्वतः, मराठीत लिहिले. पपवाची चरित्रे दुसऱ्यांनी लिहिली आहेत, इंग्रजीत. त्याचे स्वतःचे असे लिखित काही नाही. गोल्फमध्ये प्रत्येक फेरीनंतर खेळाडूने आपले गुणपत्रक तपासून त्यावर सही करायची असते, आणि तो नियम कमालीचा निष्ठुर आहे. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्सोने एका फटक्याची चूक असलेल्या पत्रकावर सही केली आणि बरोबरीत आलेली स्पर्धा गमावली. त्याला तर वाचता येत होते. पपवाने वर्षानुवर्षे अशी पत्रके हातात घेतली, दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवला आणि ती परत दिली. पाच राष्ट्रीय आणि प्रांतिक खुल्या स्पर्धांचे विजय त्या पत्रकांवर आहेत. त्या विद्यार्थिनीला आम्ही हे सगळे पुढच्या सत्रात सांगितले. तिने विचारले, की नातालच्या त्या पावसातली पत्रके आता कुठे असतील? आम्ही पुन्हा निरुत्तर झालो, पण या वेळी वेळ मारून नेली नाही.